रिकामी लिफ्ट

आमच्या आईच्या ‘बरं’चे प्रकार आहेत. मी मैत्रिणीकडे जाते म्हटल्यावरचं बरं म्हणजे परवानगी. बाबा सुट्टीच्या दिवशी पंखे पुसतो म्हणाले की जे येतं ते बरं म्हणजे ‘बघितलेत असले पुसणारे’. आणि फोन कानाला लावून, भिंतीकडे तोंड करून, हळूच म्हटलेलं बरं म्हणजे दवाखाना. त्या संध्याकाळी ते शेवटचं बरं ऐकू आलं आणि मी तोंडातला घास गिळायचीच विसरले.

“परत?” बाबांनी विचारलं.

“परत. मागच्या वेळेपेक्षाही वर.”

मुंगी टेबलाखाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती. तिला काही कळलं नाही. किंवा कळलं असेल. तिचं काही सांगता येत नाही.

मुंगी म्हणजे माझी बहीण. वय चार. अगदी लहान असताना ती सांडलेला एकेक कण बोटाने टिपून खायची, म्हणून मामाने हे नाव ठेवलं. आता कुणी खरं नाव घेऊन हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघत नाही. मला घरात भोंगा म्हणतात. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात पाणी प्यायला जाऊ का हे विचारायलाही घाबरायचे. मग वक्तृत्व स्पर्धेत कुणीच नाव देईना म्हणून बाईंनी मला ढकललं, आणि मला चषक मिळाला, आणि तेव्हापासून माझ्या तोंडाचा पट्टा थांबलेला नाही. आई म्हणते, आधीची बरी होती. पण हसून म्हणते.

तर मुंगीला जन्मापासून एक आजार आहे. आजाराचं नाव इतकं लांब आहे की सांगून होईपर्यंत जेवण गार होतं. सोपं करून सांगायचं तर असं: आपण प्रथिनं खातो, त्यातला एक तुकडा तिच्या शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साचत जातो, आणि फार साचला की मेंदूला त्रास देतो. आई आणि बाबा दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक तिला आलं. ते दोघे स्वतः ठणठणीत. मीही ठणठणीत. मामा म्हणतो, “ताई, तुमचं दोघांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, आणि तेही न विचारता.”

म्हणून मुंगीला दूध नाही, अंडं नाही, मासे नाहीत, मटण नाही, डाळी नाहीत, दाणे नाहीत. तिच्यासाठी खास पिठाचा पाव येतो, त्याची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. खास शेवया येतात. भात आणि बटाटा काट्यावर मोजून. आणि दिवसातून तीन वेळा एक भुकटी पाण्यात कालवून प्यायची, जिला आम्ही ‘खळ’ म्हणतो, कारण पोस्टर चिकटवायच्या खळीसारखी ती दिसते आणि वासही साधारण तोच. मुंगी ती नाक दाबून एका दमात पिते. शूर आहे ती.

तिच्या बोटातून रक्ताचे थेंब घेऊन जाड कागदावर वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. मग फोन येतो. एक रेघ ठरलेली आहे. आकडा रेघेच्या खाली असला की आम्ही माणसं असतो, वर गेला की आम्ही नुसती भीती असतो. आधीची सगळी वर्षं तो खाली होता. आता लागोपाठ तीनदा वर, आणि दर वेळी आणखी वर.

“डॉक्टर काय म्हणाले?” बाबांनी विचारलं.

आईने टेबलाखाली बघितलं आणि आवाज खाली आणला. “पुढचा नमुनाही असाच आला तर भरती करायचं. नाकातून नळी घालून पोसतील, आकडा ताब्यात येईपर्यंत. आणि म्हणाले, असं फार दिवस राहिलं तर डोक्याचं जे नुकसान होईल ते...”

“परत भरून येत नाही,” बाबांनी वाक्य पुरं केलं. हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मला तर मुंगी जन्मली तेव्हापासून.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांचं कुठलंही बोलणं फिरून फिरून लिफ्टवर येतं. ते बोटांनी टेबलावर ठकठक करत म्हणाले, “हे बघ, लिफ्ट आपोआप वर जात नाही. बटण कुणीतरी दाबतंय. कुणीतरी पोरीला काहीतरी देतंय.”

झालं. त्या वाक्याने घराची पोलीस चौकी झाली.

पहिली झडती माझी. दप्तर उलटं केलं, त्यातून दोन वर्षांपूर्वीचं एक खोडरबर आणि चॉकलेटचा एक कागद निघाला. कागद जुना होता, तरी आईने तो उजेडात धरून बघितला, हिरा पारखावा तसा.

“आई, हा मागच्या वाढदिवसाचा आहे.”

“कुणाच्या?”

“माझ्याच! मी मुंगीला चॉकलेट देईन असं वाटतं तुला?”

आईने कागदाची घडी केली आणि बाजूला ठेवली, पुराव्यासारखी. हो म्हणाली असती तर मी भांडले असते. घडीशी काय भांडणार?

दुसरी पाळी मामाची. मामा पावाच्या कारखान्याची गाडी चालवतो. त्याच्या खिशात, बाहीत, भुवयांत, सगळीकडे चुरा असतो. रोज संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन मुंगीला खांद्यावर बसवून घरभर फिरवायचा. आईने त्याला दारातच थांबवलं.

“थोडे दिवस येऊ नकोस.”

“का ग ताई? मी काय केलं?”

“तू केलंस असं म्हणत नाही मी. पण तुझ्या अंगावर चुरा असतो. ती टिपते.”

“मी अंगणात झटकून येतो. आंघोळ करून येतो. हवं तर गुंडाळून येतो, प्लास्टिकमध्ये.”

एरवी आई हसली असती. मामा उभा राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, “भोंग्या, तिला सांग मामा गाडी घेऊन लांब गेलाय.” आणि जिना उतरून गेला. मुंगी आतून “मामा आला?” म्हणून ओरडत होती, आणि मी दार लोटून घेतलं.

मग मी स्वतःच तपासाला लागले. चषक मिळालेली मुलगी गप्प बसते होय! शाळा सुटल्यावर मी मुंगीच्या बालवर्गात गेले आणि तिच्या बाईंना थेट विचारलं, “कुणी हिला आपल्या डब्यातलं देतं का?”

बाई जवळजवळ दुखावल्या. “अगं, हिला कोण देणार? हिच्याइतकं शहाणं पोर मी पाहिलं नाही. कुणी काही पुढे केलं की हात मागे घेते आणि म्हणते, हे माझं नाही. कधी कधी तर स्वतःच्या डब्यालाही हात लावत नाही, इतकी सांभाळून असते.”

मी घरी येऊन छाती फुगवून सांगितलं, “बालवर्ग निर्दोष.” आणि बाईंचं शेवटचं वाक्यही सांगितलं, कौतुक म्हणून. आई म्हणाली, “शहाणी ग माझी.” बाबांनी टाळी वाजवली. मीही वाजवली. हे लक्षात ठेवा.

‘हे माझं नाही’ हा आमच्या घरचा खेळ होता. मुंगी अडीच वर्षांची असताना बागेत एका मुलाने तिला चीजचा तुकडा दिला आणि तो तिच्या तोंडात जायच्या आत बाबांनी झडप घातली. त्या रात्री बाबा झोपले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला शिकवलं: आपलं नसलेलं खाणं दिसलं की हात मागे, आणि मोठ्याने म्हणायचं, हे माझं नाही. म्हटलं की सगळ्यांनी टाळ्या. दवाखान्यात, बसमध्ये, लग्नात, जिथे जाऊ तिथे. मुंगीला टाळ्या भयंकर आवडतात. ती रस्त्यावरच्या जाहिरातीतल्या आइस्क्रीमलासुद्धा हे माझं नाही म्हणायची आणि आमच्याकडे वळून बघायची. आम्ही वाजवायचो. बसमधली अनोळखी माणसंही वाजवायची.

इकडे आई जेवणात आणखी काटेकोर झाली. डॉक्टरांनी बटाटा जितका सांगितला होता त्याच्या थोडा खालीच काटा थांबवायची. भाताचंही तेच. “कमी गेलं तर बिघडत नाही,” ती म्हणायची. “जास्त जायला नको.” दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमच्या घरात मुंगीसमोर दूधसुद्धा येत नाही, तरी आम्ही सगळे फुंकतच होतो.

अशा वेळी काटेवाली ताई आली.

ती मुलांच्या दवाखान्यातली आहारतज्ज्ञ. तिला काटेवाली ताई हे नाव मुंगीने दिलं, कारण ती खांद्यावरच्या पिशवीत स्वतःचा वजनकाटा घेऊन आली होती. मुंगीसारखी बरीच मुलं ती बघत होती. ही मुलं काय खातात हे नाही, तर कशी खातात, त्यांची खायची सवय मोजत होती.

“सवय कशी मोजणार?” बाबा म्हणाले. “किलोत की मीटरमध्ये?”

“घासांत,” ती म्हणाली. “किती वेळ लागतो, कोण भरवतं, मूल मागतं की आपण मागे लागतो. तुम्ही नेहमी जेवता तसंच जेवा. मी एक कॅमेरा ठेवून जाईन. आणि एक विनंती. ताट वाढताना वजन करता तसंच जेवून झाल्यावरही करायचं. उरलेलं टाकायचं नाही, या डब्यात ठेवायचं.”

“उरलेलं?” आईने विचारलं. “त्याचं काय करायचंय?”

“मोजायचं.”

आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की तिला ही बाई अर्धवट वाटते आहे. चोर पकडायचा सोडून ही कचऱ्याचं वजन करणार!

कॅमेरा फ्रिजवर बसला आणि आमची सगळ्यांची वाचाच गेली. नेहमीसारखं जेवा म्हटल्यावर नेहमी आपण कसे जेवतो हेच आठवेना. बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला. आई प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बाळा’ लावू लागली, मलासुद्धा. मी एकदा फ्रिजकडे बघून नमस्कार केला आणि आईने टेबलाखालून लाथ मारली. मुंगी तेवढी होती तशीच होती. खळ प्यायली, चमचा हातात घेतला, पाय हलवत बसली. आम्ही तिघे तिच्या चमच्याकडे बघत होतो. आमचीही ताटं होती. ती गार झाली.

नमुन्याचा दिवस जवळ येत चालला होता. मी शाळेत फळ्याकडे बघायचे आणि मला नळी दिसायची. एकदा गणिताच्या तासाला मी वहीत मुंगीचं नाक काढत बसले होते, नुसतं नाक. शेजारणीने विचारलं, “हे काय, बटाटा?” मी हसायला गेले आणि डोळे भरून आले.

काटेवाली ताई परत आली ती लॅपटॉप घेऊन. तिने उरलेल्याचे डबे फ्रिजमधून काढले आणि एकेक करून काट्यावर ठेवले. शेवटचा डबा ठेवल्यावर तिने मुंगीचे दंड हलकेच दाबून बघितले आणि विचारलं, “हिचं वजन बऱ्याच दिवसांत वाढलेलं नाही, हे कुणी बोललं का?”

“ती पहिल्यापासूनच बारीक आहे,” आई म्हणाली.

“हं.” मग ताई माझ्याकडे वळली. “तू खूप बोलतेस असं ऐकलंय.”

“कुणी सांगितलं?”

“कॅमेऱ्याने. हे बघ, मी लोकांना सांगते काय दिसतंय ते, पण मी बाहेरची. तू बघ आणि मोठ्याने सांग. क्रिकेटचं सांगतात तसं.”

मला काय, आयतंच. मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरू केलं. मुंगी पलीकडच्या खोलीत ठोकळ्यांचा मनोरा करत होती.

“आता मुंगीने चमचा उचललाय. चमच्यात बटाटा. तिचाच, मोजलेला. तोंडापर्यंत आणलाय. आई काट्याकडे बघतेय. आईच्या कपाळाला आठी. मुंगी आईकडे बघतेय. चमचा थांबला. बाबाही आईकडे बघतायत. आता मुंगीने चमचा...” माझा वेग कमी झाला. “चमचा खाली ठेवला. हात मागे घेतले. म्हणतेय... हे माझं नाही.”

“पुढे?”

“बाबांनी टाळी वाजवली.”

“आणि?”

“आईने गालाला हात लावला. शहाणी म्हणाली. ताट उचललं.” मी थांबले. पडद्यावर एक मुलगी तोंडात घास कोंबून, कोपराने शेजारची वाटी सांडत, जोरजोरात टाळ्या वाजवत होती. “आणि ही मी.”

ताईने दुसरं जेवण लावलं. गाजर. हे माझं नाही. टाळ्या. तिसरं. तिच्या खास शेवया, ज्या ती हव्या तेवढ्या खाऊ शकते, ज्यांना काही मर्यादाच नाही. दोन घास, मग आमच्या चेहऱ्यांकडे नजर, मग हात मागे. टाळ्या. आवाज इतका आनंदी होता आमचा! मला लॅपटॉप बंद करावासा वाटला.

“पण ते तर तिचंच होतं,” बाबा म्हणाले.

“तिला काय माहीत?” ताई म्हणाली. “नको म्हटलं की सगळं घर खूश होतं, एवढं तिला माहीत आहे. गेल्या काही महिन्यांत तुम्ही जास्त घाबरलात, तसं ती जास्त वेळा नको म्हणायला लागली. निम्म्याहून जास्त जेवण या डब्यांत आहे.”

“म्हणजे कमीच जातंय पोटात,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला. “मग आकडा वर कसा जाईल? कमी खाल्लं तर खाली यायला पाहिजे!”

“पोटात काही आलं नाही तर शरीर गप्प बसत नाही. ते स्वतःलाच मोडून खातं. तिचे स्नायू. आणि स्नायू म्हणजे प्रथिनच. जो तुकडा तुम्ही ताटातून जाऊ देत नाही, तोच तिच्या अंगातून रक्तात उतरतोय. बाहेरून कुणी काही देत नाहीये.”

“तुम्ही कधी सांगितलं नाही हे.”

“दवाखान्यात सांगितलं होतं. ताप आला की उपाशी ठेवू नका.”

“ताप आला की! ताप कुठे होता तिला?” आई म्हणाली. मग ती एकदम खाली बसली, खुर्ची आहे की नाही हे न बघता. होती, नशिबाने.

पलीकडच्या खोलीत ठोकळे कोसळले आणि मुंगी स्वतःशीच “अरे देवा” म्हणाली.

बाबा कधीचे पंख्याकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, “रिकामी लिफ्ट.”

“आता लिफ्ट नको रे,” आई म्हणाली.

“अगं ऐक तर. लिफ्टच्या दोराला दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं. रिकाम्या लिफ्टपेक्षा ते जड असतं. आत कुणी नसेल आणि ब्रेक सुटला, तर लिफ्ट खाली पडत नाही. वर जाते. आपोआप. बटण कुणी दाबावं लागत नाही.” त्यांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. “वीस वर्षं हेच काम करतोय मी. आणि घरात बटण दाबणारा शोधत बसलो.”

काटेवाली ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “हे मी बाकीच्या आईबाबांनाही सांगू का?”

“सांगा,” बाबा म्हणाले. “फक्त मी किती उशिरा सांगितलं ते नका सांगू.”

आई उठली आणि तिने मामाला फोन लावला. पहिल्याच वाक्याला तिला रडू फुटलं, म्हणून फोन मी घेतला. “मामा, तू निर्दोष सुटलास. ये.”

“चुरा झटकून येऊ का?”

“झटकून ये. ते मात्र तसंच आहे.”

ताईने नमुना आठवडाभर पुढे ढकलून मागितला, डॉक्टरांनी दिला. त्यापुढे नाही. नियम असे ठरले: मुंगीच्या चमच्याकडे बघायचं नाही. काटा टेबलावर नाही, ओट्यावर. घरच्या खाण्याला टाळ्या नाहीत, कौतुक नाही, आग्रहही नाही. आपापलं जेवायचं. ऐकायला किती सोपं! प्रत्यक्षात आम्ही तिघे भिंतीकडे, छताकडे, मिठाच्या डबीकडे बघत जेवत होतो, मानेत उसण भरल्यासारखे. मुंगीने चमचा ठेवला, हात मागे घेतले. “हे माझं नाही.”

कुणी टाळी वाजवली नाही.

तिने आईकडे बघितलं. मग बाबांकडे. मग माझ्याकडे. तिला वाटलं आम्हाला ऐकू आलं नाही. तिने आणखी मोठ्याने म्हटलं. मी मांडीखाली हात दाबून धरले होते. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा ओठ थरथरला आणि मग तिने ताट ढकलून दिलं. शेवया थेट बाबांच्या मांडीवर. ती इतकी रडली की उचक्या लागल्या. तिच्या बाजूने विचार करा ना, आयुष्यभर जे केलं की बक्षीस मिळत होतं तेच केलं, आणि एका दिवसात सगळ्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी ताट ढकललं नाही, पण खाल्लंही नाही. खळ तेवढी प्यायली. आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती आणि तिच्या खांद्यांवरून मला कळत होतं की ती मनात मोजते आहे, किती गेलं, किती नाही, आणि आता नळी किती जवळ आली. मामा आला होता, स्वच्छ, केस ओले.

त्या दिवशी मी शाळेतून खो-खोचा सामना खेळून आले होते. भुकेने माझा जीव चालला होता. माझं ताट संपलं, भांड्यात काही उरलेलं नव्हतं, आणि समोर मुंगीच्या ताटात तिचा पाव होता, वर भोपळ्याचा मुरंबा लावलेला. मुंगीने हात मागे घेतले.

“हे माझं नाही.”

“नाही ना?” मी म्हटलं. “मग मी खाते.” आणि उचलून मोठा घास घेतला.

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथेच जळून जायला हवं होतं. नियमांत हे कुठेच नव्हतं. पाव तर, सांगते, पुठ्ठाच. पण मुरंबा चांगला होता आणि मला खरंच भूक होती. मी दुसरा घास घेतला. मुंगी बघत होती. माझ्या चेहऱ्याकडे नाही, पावाकडे. तो लहान होत चालला होता.

“ताई,” ती म्हणाली.

“काय?” तोंडात घास.

“ताई, तो माझा आहे.”

“आत्ता तर नाही म्हणालीस.”

“माझाच आहे! तो खास पाव आहे! तुला नाही चालत!” ती खुर्चीवर उभी राहिली आणि तिने माझ्या हातातून पाव ओढून घेतला, आणि मी परत घेईन या भीतीने सगळाच्या सगळा तोंडात कोंबला. दोन्ही गाल फुगले. मुरंबा हनुवटीवर. ती चावत राहिली आणि माझ्याकडे रागाने बघत राहिली.

मी टाळी वाजवली नाही. देवाशपथ, माझे हात मांडीखाली होते. मामाने खिडकीबाहेर बघत घसा खाकरला. बाबा मिठाच्या डबीवरचं लेबल वाचत होते, उलटं धरून.

गिळून झाल्यावर मुंगी म्हणाली, “अजून. आणि भोंग्याला द्यायचा नाही.”

आई ओट्याकडे गेली. पाव तिने कापला, पण तिचा हात काट्याजवळ जाऊन थांबला. हा पाव मोजायचा नसतो, हवा तेवढा चालतो, हे तिला काटेवाली ताईने दहादा सांगितलं होतं. तरी चार वर्षं तो हात फक्त कमी करायला शिकला होता. मला वाटलं, आता हा तुकडा ती अर्धा करणार. तिने काटा बंद केला. ते छोटं टिक वाजलं. मग तिने पाव ताटात ठेवला आणि पटकन तोंड फिरवलं, नियमाप्रमाणे.

तेव्हापासून सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. काही वेळा ती खायची, काही वेळा हात मागे जायचे. मग मी नुसतं माझं बोट तिच्या ताटाकडे न्यायचे. कधी चालायचं, कधी ती म्हणायची, “घे ना मग,” आणि मी अडकायचे. भाजीला तर तिने आमच्या नाकावर टिच्चून हात लावला नाही. तरी उरलेल्याचा डबा हलका होत गेला. नमुन्याच्या दिवशी बोट टोचताना ती ओरडली आणि म्हणाली, “हे रक्त माझं आहे!” परिचारिका म्हणाली, “हो ग बाई, तुझंच.”

मग वाट बघणं. फोन वाजला की आम्ही चौघे उडायचो. एकदा विम्याचा माणूस होता, बाबांनी त्याला इतक्या आवाजात “नको!” म्हटलं की त्याने नंतर दिवसभर फोन केला नाही. खरा फोन आला तेव्हा आई भांडी घासत होती. तिने नंबर बघितला, ओले हात पुढे केले आणि परत मागे घेतले. बाबा जागचे हलले नाहीत. मामाच्या तोंडात बोट.

मी उचलला. एका वर्षापूर्वी पाणी प्यायला जाऊ का विचारायला घाबरणाऱ्या मुलीने फोन उचलला, आणि माझा आवाज थरथरला हे मी मुद्दाम लिहिते, कारण तो थरथरला.

“हो,” मी म्हणाले. “हो. मी मोठी बहीण. सांगा, मला कळतं.” मग ऐकलं. मग म्हणाले, “बरं.”

“कसलं बरं?” आई किंचाळली. “कुठलं बरं ते?”

“खाली आलाय. रेघेच्या अजून वरच आहे. पण बराच खाली. नळी आत्ता नाही. दोन आठवड्यांनी परत नमुना.”

कुणी ओरडलं नाही. बाबांनी फक्त विचारलं, “कितव्या मजल्यावर?”

“पोहोचली नाही. पण उतरतेय.”

आई भांड्यांकडे वळली आणि तिने एकच ताटली खूप वेळ धुतली. मामा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि पुसायला फडकं घेतलं. दोन आठवडे म्हणजे किती जेवणं, हे ती मनात मोजत असणार. मीही मोजत होते.

तेवढ्यात आतून मुंगी आली, एका पायात माझा बूट घालून, आणि टेबलाशी उभी राहून म्हणाली, “भूक लागली.”

आम्ही चौघे एकदम उठलो. आणि एकदम परत बसलो. बाबांनी मिठाची डबी उचलली, मामाने खिडकी पकडली, आईने पाठ केली आणि हळूच पावाचा डबा उघडला. मी छताकडे बघितलं. छताला एक डाग आहे, तो आता मला तोंडपाठ झालाय.